वनस्पतीपेशीतील ॲक्टिन-बंधक प्रथिने: एकाच कुळातली रूपे वेगळी कशी वागतात? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲक्टिन हे पेशीत बारीक तंतू बनवणारे प्रथिन. त्याला धरून तंतू तोडणारी, वाढवणारी किंवा त्यांच्या जुड्या बांधणारी प्रथिने म्हणजे ॲक्टिन-बंधक प्रथिने. एकाच कुळातल्या मिळत्याजुळत्या प्रथिनांना इथे ‘रूपे’ म्हटले आहे. एडीएफ (ॲक्टिन डिपॉलिमरायझिंग फॅक्टर), प्रोफिलिन, व्हिलिन, फिम्ब्रिन, फॉर्मिन यांपैकी कुठल्याही कुळावर काम सुरू केले की हे प्रश्न हमखास पडतात. उदाहरणे मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाची आहेत, कारण सर्वांत जास्त माहिती त्याच वनस्पतीची आहे. उत्तरार्धात प्रयोगशाळेतल्या कामाचे प्रश्न घेतले आहेत.

एकाच प्रथिनाची इतकी रूपे वनस्पतीला कशासाठी लागतात?

आधी मोजणी पाहू. अरॅबिडॉप्सिसमध्ये ॲक्टिनचीच आठ कार्यरत जनुके आहेत. त्यांतली एसीटी-२, ७ आणि ८ ही मूळ, खोड, पान अशा शाकीय अवयवांत चालतात, तर १, ३, ४, ११ आणि १२ मुख्यतः परागकण आणि इतर प्रजनन अवयवांत. ॲक्टिनला धरणाऱ्या प्रथिनांत प्रोफिलिनची ५ जनुके, एडीएफची ११, व्हिलिनची ५, फिम्ब्रिनची ५, फॉर्मिनची २१ आणि लिम प्रथिनांची ६ आहेत. मायोसिन-११ गटाची १३ आणि मायोसिन-८ गटाची ४ जनुके आहेत, ती वेगळीच.

पान, मूलरोम आणि परागनलिका यांच्या पेशीतले वातावरण सारखे नसते. परागनलिकेच्या टोकाशी कॅल्शियम मायक्रोमोलरच्या घरात जाते, पण शांत पेशीच्या पेशीरसात ते १०० नॅनोमोलरच्या आसपास असते. लिलीच्या परागनलिकेत अगदी टोकाला पीएच थोडा आम्लधर्मी असतो आणि लगेच मागे अल्कधर्मी पट्टा लागतो. एकच प्रथिन या सगळ्या ठिकाणी सारखे चालले नसते. म्हणून उत्क्रांतीत जनुकाच्या प्रती झाल्या आणि प्रत्येक प्रत आपापल्या जागेला जुळत गेली.

पण या प्रती एकमेकींची जागा घेऊ शकतात ना? मग फरक कुठे उरला?

काही जोड्या घेतात, काही अजिबात घेत नाहीत. रिचर्ड मीगर यांच्या गटाने यावर केलेले काम आम्हांला आजही सर्वांत पटणारे वाटते. परागकणातले एसीटी-१ त्यांनी पानाखोडात मोठ्या प्रमाणात बनवायला लावले, तेव्हा रोपे खुजी राहिली आणि तंतूंची मांडणी बिघडली. त्याच रोपांत परागातलेच प्रोफिलिन-४ किंवा एडीएफ-७ सोबत दिल्यावर वाढ बरीच सावरली. शाकीय प्रोफिलिन किंवा शाकीय एडीएफ देऊन मात्र ती सावरली नाही.

म्हणजे ॲक्टिनचे रूप आणि त्याला धरणाऱ्या प्रथिनाचे रूप जोडीने उत्क्रांत झाले आहे. म्हणूनच ‘एडीएफ असे करते’ हे वाक्य आम्ही अपुरे मानतो. कुठले एडीएफ, कुठल्या ॲक्टिनवर, किती पीएचला, हे तिन्ही सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

एडीएफ म्हणजे तंतू तोडणारे प्रथिन. मग अकराही रूपे तोडतात का?

नाही, आणि सर्वांत जास्त चुका याच समजुतीतून होतात. एडीएफची चार उपकुळे आहेत. पहिल्यात एडीएफ-१ ते ४ येतात आणि ती जवळपास सगळीकडे असतात. दुसऱ्यात परागातली ७ व १० आणि मूलरोमातली ८ व ११ येतात. तिसऱ्यात ५ आणि ९, चौथ्यात एकटे ६.

तिसऱ्या उपकुळाची गोष्ट निराळी आहे. एडीएफ-५ आणि एडीएफ-९ तंतू तोडत नाहीत, उलट तंतूंच्या जुड्या बांधतात. प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागातली थोडी अमिनो आम्ले बदलली आणि काम उलटे झाले. एडीएफ-९ हे एडीएफ-१ च्या कामाला विरोधही करते. तेव्हा ‘एडीएफ वाढवले, तंतू कमी व्हायला हवेत’ या अपेक्षेने एडीएफ-९ वाढवलेली रोपे पाहिलीत, तर निकाल उलटा दिसेल आणि तुम्ही उगाच स्वतःच्या प्रयोगावर संशय घ्याल.

तोडणाऱ्यांतही उन्नीसबीस आहे. परागातले एडीएफ-७ हे एडीएफ-१ पेक्षा मंद तोडते. एडीएफ-४ नसलेल्या रोपांत, अंधारात वाढवल्यावर, हायपोकॉटिलच्या (बीजपत्रांखालच्या खोडाच्या) पेशी जास्त लांब होतात आणि तंतू तुटण्याचे प्रमाण घटते. स्यूडोमोनास सिरिंजी या रोगकारक जिवाणूच्या एव्हीआरपीपीएचबी या प्रथिनाला ओळखून होणारा प्रतिकारही या रोपांत ढासळतो. एडीएफ-२ कमी केल्यास मुळावर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला आपले बस्तान बसवणे जड जाते. ही दोन्ही रूपे पहिल्याच उपकुळातली आहेत.

एडीएफचे प्रमाण दुप्पट केले तरी तोडणे वाढत नाही, उलट थांबते. प्रथिन खराब झाले असेल का?

बहुधा प्रथिन ठीक असते. तंतू तुटतो तो एडीएफने झाकलेला भाग आणि उघडा भाग यांच्या सीमेवर. तंतू पूर्ण झाकला गेला की सीमाच राहत नाही आणि तो टिकून राहतो. त्यामुळे एकाच प्रमाणावर दोन रूपांची तुलना करून ‘हे जास्त तोडते’ असे म्हणता येत नाही. एकाचा शिखरबिंदू ०.२ मायक्रोमोलरला असेल आणि दुसऱ्याचा २ ला. दोघांचीही निदान सहा-सात प्रमाणे घ्या आणि पूर्ण वक्र काढा.

दुसरे कारण तंतूचे वय. एडीएफला एडीपी धरलेले ॲक्टिन आवडते. तंतूत शिरताना ॲक्टिनने एटीपी धरलेले असते, त्यातले फॉस्फेट सुटले की एडीपी उरते. नुकत्याच वाढलेल्या तंतूत फॉस्फेट अजून सुटलेले नसते, ते सुटायला काही मिनिटे लागतात. याच कारणाने फॉस्फेट बफर इथे वापरू नये. तो एडीएफला तंतूवर बसूच देत नाही. तंतू रंगवायला वापरले जाणारे फॅलॉइडिनही तसाच अडथळा आणते, म्हणून तंतू फॅलॉइडिनने रंगवून मग त्यावर एडीएफ टाकण्याचा प्रयोग मुळातच चुकीचा आहे.

सेरीन-६ चे महत्त्व काय?

सेरीन-६ म्हणजे प्रथिनातल्या सहाव्या जागेवरचे सेरीन हे अमिनो आम्ल. वनस्पतींच्या एडीएफमध्ये या सेरीनवर फॉस्फेट लागला की ॲक्टिनशी बंध ढिला होतो. फॉस्फेटची नक्कल करायला सेरीनच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल घालतात, फॉस्फेट लागूच नये म्हणून ॲलानिन. हे ठिकाण ॲक्टिनला धरणाऱ्या पृष्ठभागातच येते, त्यामुळे प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला टॅग (ओळखीसाठी किंवा शुद्धीकरणासाठी जोडलेला तुकडा) लावायचा विचार सोडून द्या. हिस्टिडिन टॅग शुद्धीकरणासाठी हवाच असेल, तर तो कापून काढता येईल असा ठेवा आणि खरोखर कापा. कापल्यानंतर मूळ मेथिओनिनपुढे दोन-तीन अमिनो आम्ले उरत असतील, तर टॅग नसलेल्या प्रथिनाशी एकदा तुलना करून पाहा.

व्हिलिन-१ आणि व्हिलिन-३ दोन्ही जुड्या बांधतात. मग फरक काय?

फरक कॅल्शियम आल्यावर दिसतो. व्हिलिनचे सहा भाग जेल्सोलिन या तंतू तोडणाऱ्या प्रथिनासारखे असतात आणि शेवटी ‘हेडपीस’ नावाचा आणखी एक भाग. व्हिलिन-१ मध्ये कॅल्शियम धरायला लागणारी महत्त्वाची अमिनो आम्ले उरलेली नाहीत. ते फक्त जुडी बांधते, तोडत नाही, आणि त्या जुडीचे एडीएफपासून रक्षणही करते. व्हिलिन-३ जुडी बांधते, पण कॅल्शियम मायक्रोमोलरपर्यंत चढले की तेच तंतू तोडू लागते. दोन्ही एकत्र ठेवली तरी व्हिलिन-१ ला व्हिलिन-३ चे तोडणे अडवता येत नाही.

आता नेहमीचा ॲक्टिन बफर पाहा. त्यात १ मिलिमोलर ईजीटीए हे कॅल्शियम पकडणारे रसायन असते, म्हणजे मोकळे कॅल्शियम जवळपास शून्य. त्या बफरमध्ये दोन्ही व्हिलिन जुळी भावंडे वाटतील. कॅल्शियमची पायरी न घेता ‘दोन्हींचे काम सारखेच’ असा निष्कर्ष काढू नये. रूपांमधला फरक दाखवणारी अट प्रयोगात नसेल, तर फरक दिसणार तरी कुठून?

रोपातही हे वाटप दिसते. व्हिलिन-४ नसेल तर मूलरोम आखूड राहतात. व्हिलिन-५ परागनलिकेत लागते. व्हिलिन-२ किंवा ३ पैकी एकच गेले तर फारसे काही दिसत नाही, दोन्ही गेली की खोड आणि इतर अवयव वेडेवाकडे वळतात.

कॅल्शियमचे प्रमाण नेमके कसे ठेवायचे?

नुसते कॅल्शियम क्लोराइड टाकून नाही. ईजीटीएबरोबर बफर करा आणि मोकळे कॅल्शियम गणित करून काढा. इथे एक खड्डा आहे. ईजीटीए कॅल्शियमला धरताना दोन प्रोटॉन सोडते, त्यामुळे पीएच ०.४ ने वाढला तरी मोकळे कॅल्शियम सुमारे सहा पटींनी घसरते. तुम्ही पीएचचा परिणाम तपासायला जाता आणि नकळत कॅल्शियम बदलून बसता. प्रत्येक पीएचसाठी ईजीटीए व कॅल्शियमचे गणित नव्याने मांडा.

ट्रिस बफरचेही लक्षात ठेवा. २५ अंशांना ८.० पीएच लावलेला ट्रिस ४ अंशांना जवळपास ८.६ होतो.

पीएचवरून वेगळी वागणारी रूपे कोणती?

लिम प्रथिने हे सर्वांत स्वच्छ उदाहरण. परागातली पीलिम-२ए, २बी आणि २सी ही तिन्ही आम्लधर्मी बाजूला जोमाने जुड्या बांधतात. पीएच ६.८ च्या वर गेला की त्यांचा जोर ओसरतो. इतर अवयवांतल्या डब्ल्यूलिम प्रथिनांना पीएचशी असे देणेघेणे नाही. परागनलिकेतला अल्कधर्मी पट्टा आठवा, तिथे पीलिम ढिले पडते. एडीएफ मात्र अल्कधर्मी बाजूला जास्त काम करते. एकाच पट्ट्यात एक प्रथिन मागे सरते आणि दुसरे पुढे येते, त्यामुळे तिथले तंतू बारीक आणि झटपट बदलते राहू शकतात.

हा प्रयोग करताना ६.२ ते ७.८ या टप्प्यासाठी इमिडाझोल चालते. त्याच्यावर जायचे तर हेपेस घ्या आणि ७.४ ला दोन्ही बफरमध्ये निकाल जुळतो का हे तपासा.

प्रोफिलिन तर १४ किलोडाल्टनचे इवलेसे प्रथिन. त्यात काय फरक असणार?

बराच. मक्याच्या प्रोफिलिनचे दोन गट आहेत. दुसऱ्या गटाचे प्रोफिलिन पॉलिप्रोलीनला (प्रोलीन या अमिनो आम्लाच्या साखळीला) घट्ट धरते, सुटे ॲक्टिन जास्त अडकवून ठेवते आणि जिवंत पेशीत टोचल्यावर पेशीरसाची रचना लवकर मोडते. पहिल्या गटाचे प्रोफिलिन पटलावरच्या फॉस्फोइनॉसिटाइड या मेदाचे विघटन जास्त रोखते. अरॅबिडॉप्सिसमध्ये १, २ आणि ३ सर्वत्र असतात, ४ आणि ५ परागात.

प्राण्यांच्या प्रोफिलिनबद्दल वाचून आलेल्यांची इथे गल्लत होते. प्राण्यांचे प्रोफिलिन ॲक्टिनवरच्या न्यूक्लिओटाइडची अदलाबदल वेगाने करते, अरॅबिडॉप्सिसचे करत नाही. ते काम कॅप-१ हे प्रथिन करते. वनस्पतीतले प्रोफिलिन पहिल्यांदा ओळखले गेले तेही १९९१ मध्ये, बर्चच्या परागातले ॲलर्जी आणणारे प्रथिन म्हणून.

शुद्धीकरण सोपे आहे. पॉलिप्रोलीन लावलेल्या स्तंभावर प्रोफिलिन बसते, ७ मोलर युरियाने उतरते आणि डायलिसिसनंतर पुन्हा घडी घालते. युरिया ताजा घ्या, जुन्या युरियातून तयार झालेले सायनेट लायसीनवर बसते. डायलिसिसनंतर गोळे झालेले प्रथिन सेंट्रिफ्यूजने काढून टाका, मगच प्रमाण मोजा.

फॉर्मिनची २१ रूपे कशी विभागलेली आहेत?

दोन वर्गांत, पहिल्यात ११ आणि दुसऱ्यात १०. पहिल्या वर्गातल्या बहुतेकांना पटलातून आरपार जाणारा भाग असतो. दुसऱ्या वर्गातल्या अनेकांना पीटेन या एन्झाइमसारखा भाग. एएफएच-१ हे फॉर्मिन नवा तंतू सुरू करते आणि मग टोक सोडून तंतूच्या अंगाला सरकते. इतर अनेक फॉर्मिन धन (वेगाने वाढणाऱ्या) टोकाला चिकटून वाढ चालू ठेवतात. एएफएच-१४ सूक्ष्मनलिकांनाही धरते. फॉर्मिनचा वेग तपासताना प्रोफिलिन कुठले घातले ते नेहमी लिहा, कारण प्रोफिलिनशिवायचा वेग पेशीतल्या वेगाबद्दल फार थोडे सांगतो.

बांधणी तपासण्याचा पहिला प्रयोग कसा लावायचा?

सहअवसादनापासून, म्हणजे ॲक्टिनसोबत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी काय बसते ते पाहण्यापासून, सुरू करा. बंधक प्रथिन वापरण्याआधी २,००,००० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट) वर एक तास फिरवा आणि फक्त वरचा द्रव घ्या. ही पायरी गाळली, तर आपोआप खाली बसणारे गोळे ‘ॲक्टिनला बांधले’ म्हणून मोजले जातात. ॲक्टिन ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईजीटीए आणि १० मिलिमोलर इमिडाझोल, पीएच ७.० यात तासभर तंतुरूप होऊ द्या. मग ३ मायक्रोमोलर तंतूंमध्ये बंधक प्रथिनाची वेगवेगळी प्रमाणे मिसळा आणि अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा.

बांधणी पाहायची तर २,००,००० जी वर एक तास, जुडी पाहायची तर १३,५०० जी वर अर्धा तास. एकेकटे तंतू मंद वेगाला खाली बसत नाहीत, जुड्या बसतात. वरचा द्रव आणि पेलेट (तळाशी बसलेला भाग) शेजारीशेजारी जेलवर चालवा. एडीएफ आणि प्रोफिलिनसाठी १५ टक्क्यांचे जेल लागते. नियंत्रणे दोन: नुसते ॲक्टिन आणि नुसते बंधक प्रथिन, प्रत्येक प्रमाणाला. वरचा द्रव काढताना पिपेटचे टोक पेलेटच्या विरुद्ध भिंतीला टेकवा आणि तळाशी ५ मायक्रोलिटर राहू द्या. पेलेट पारदर्शक असतो, त्यामुळे नळी ठेवतानाच बाहेरच्या बाजूला खूण करून ठेवलेली बरी.

तोडणारे प्रथिन असेल तर एक पेच येतो. तुकडे इतके आखूड होतात की काही ॲक्टिन वरच्या द्रवातच राहते. त्याला ‘ॲक्टिन विरघळले’ म्हणण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची लांबी मोजा.

पायरीन ॲक्टिनच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

पायरीन हा ॲक्टिनला जोडायचा रंग, ॲक्टिन तंतूत शिरले की त्याची चमक वाढते. फॉर्मिन आणि तंतूच्या टोकाला टोपी घालणाऱ्या प्रथिनांसाठी विश्वास ठेवावा, ५ ते १० टक्के पायरीन लावून. एडीएफ आणि प्रोफिलिनसाठी सांभाळून. पायरीन ॲक्टिनच्या सिस्टीन-३७४ वर बसते. एडीएफ तंतूवर बसले की तंतू अखंड असूनही चमक घटते, आणि आपल्याला वाटते तंतू सुटला. प्रोफिलिन पायरीन लावलेल्या ॲक्टिनला नीट धरतच नाही. या दोन कुळांसाठी एकेक तंतू पाहणारे टीआयआरएफ सूक्ष्मदर्शक किंवा अवसादन हाच खरा पुरावा.

सशाच्या स्नायूतले ॲक्टिन वापरले तर चालेल?

पहिल्या चाळणीसाठी चालेल. रूपांमधला बारीक फरक सांगायचा असेल तर अपुरे पडते, कारण वर म्हटल्याप्रमाणे ॲक्टिनचे रूपही महत्त्वाचे. मक्याच्या परागातून प्रोफिलिनच्या मदतीने शुद्ध ॲक्टिन मिळवता येते. ई. कोलाय जिवाणूत ॲक्टिन बनवायचा प्रयत्न करू नका. त्याची घडी घालायला लागणारे सीसीटी हे सहायक यंत्र जिवाणूत नसते.

एक जनुक बंद केले, रोप अगदी निरोगी दिसते. आता?

आधी खात्री करा की प्रथिन खरेच गेले आहे. जनुक बंद करायला घुसवलेला टी-डीएनए हा तुकडा इन्ट्रॉनमध्ये (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) बसला असेल तर थोडे बरोबर आरएनए तयार होत राहते. मग त्याच पेशीप्रकारात दुसरे कुठले रूप चालते ते पाहा आणि दोन्ही एकत्र बंद करा, व्हिलिन-२ व ३ चे उदाहरण समोर आहेच. तंतूंची मोजणी न करता ‘परिणाम नाही’ म्हणू नका. रोपाची उंची सारखी असतानाही तंतूंची वाढ, तुटण्याचे प्रमाण किंवा आयुष्य बदललेले असू शकते.

अँटिबॉडी वापरणार असाल, तर एकाच ब्लॉटवर कुळातली सगळी शुद्ध रूपे लावून ती कुणाकुणाला ओळखते ते तपासा. एडीएफची रूपे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की ‘विशिष्ट’ म्हणवणारी अँटिबॉडी चार-चार जणांना धरू शकते.

अदलाबदलीचा प्रयोग कसा आखायचा?

ज्या जनुकाचे म्युटंट आहे त्याचाच प्रमोटर (जनुक कुठे आणि किती चालावे हे ठरवणारा भाग) ठेवा, आणि त्यामागे कुळातल्या दुसऱ्या रूपाचा कोडिंग भाग लावा. सोबत मूळ रूप त्याच प्रमोटरखाली, हे नियंत्रण अनिवार्य. प्रत्येकाच्या निदान तीन स्वतंत्र ओळी समयुग्मजी होईपर्यंत न्या आणि प्रथिनाचे प्रमाण वेस्टर्न ब्लॉटवर मोजा. कमी प्रथिन असलेल्या ओळीतले अपयश रूपाच्या माथी मारू नये.

नेहमी वापरला जाणारा ३५एस प्रमोटर परागात जवळपास चालत नाही. तिथे एलएटी-५२ हा परागात चालणारा प्रमोटर वापरा.

जिवंत पेशीत तंतू पाहायला कुठली खूण बरी?

खूण म्हणजे तंतूंना चिकटणारा, चमकणारे प्रथिन जोडलेला तुकडा. लाइफॲक्ट १७ अमिनो आम्लांचे आहे आणि बारीक तंतूही दाखवते, पण जास्त झाले तर तंतूंची हालचाल मंदावते. फिम्ब्रिन-१ चा दुसरा बंधक भाग जाड जुड्या छान दाखवतो. टॅलिन या प्राण्यांच्या प्रथिनाचा तुकडा एडीएफच्या कामात अडथळा आणतो, म्हणून एडीएफच्या अभ्यासात तो टाळा. तुमचे प्रथिन आणि खूण ॲक्टिनवरच्या एकाच जागेसाठी भांडत असतील, तर खुणेचा उजेड कमी होणे म्हणजे तंतू कमी होणे नव्हे.

कुठलीही खूण घ्या, प्रमोटर सौम्य ठेवा आणि खूण असलेल्या रोपाच्या मुळाची लांबी खूण नसलेल्या रोपाशी ताडून पाहा. मग म्युटंट आणि मूळ रोप या दोघांत खुणेचे प्रमाण सारखे आहे का, ते ब्लॉटवर तपासा. तेही जमले की निष्कर्षासाठी एका खुणेवर न थांबता, तेच मोजमाप दुसऱ्या खुणेने करा.